फ्रिजमधले आईचे दूध आणि आजीचे नाक

तुमच्या घरात तान्हे बाळ असेल, त्याची आई सकाळी कामावर जात असेल आणि दिवसभर ते बाळ तुमच्या मांडीवर असेल, तर फ्रिजमधल्या त्या लहानशा झाकणाच्या डब्याची जबाबदारीही तुमचीच असते. डब्यात आईने आदल्या दिवशी काढून ठेवलेले दूध असते. बाळ रडू लागते, तुम्ही डबा काढता, झाकण उघडता आणि काही विचार न करता तो नाकाजवळ नेता. पन्नास वर्षांची सवय आहे ती. दूध चांगले आहे की नासले, हे नाकाला विचारल्याशिवाय आपल्याकडे कोणी चहाचे आधण ठेवत नाही. त्या क्षणी दुधाला साबणासारखा, लोखंडासारखा किंवा किंचित माशासारखा वास आला, तर पुढची कृती ठरलेली असते. दूध मोरीत जाते. मोरीत ओतणे जिवावर येते म्हणून तुळशीच्या नाहीतर जास्वंदीच्या बुंध्याशी जाते. मग बाळासाठी गाईच्या दुधात पाणी मिसळण्याची किंवा पावडरचा डबा आणण्याची तयारी सुरू होते.

या लेखात मला त्या एका क्षणाविषयीच बोलायचे आहे. तो क्षण हल्ली आमच्या दिंडोरीतही घरोघरी येऊ लागला आहे. सकाळच्या बसने नाशिकला जाणाऱ्या लेकी-सुना आता थोड्या नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, बँकांत, शाळांत, रुग्णालयांत त्या काम करतात. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाल्यापासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. पण कंत्राटी कामावरच्या कितीतरी मुली प्रत्यक्षात तीन महिन्यांतच परत जाताना मी पाहते. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध, हे आम्ही डॉक्टर मंडळी उठता-बसता सांगत असतो. त्या सांगण्याला अर्थ राहायचा असेल, तर दूध काढून ठेवणे आणि घरच्या वडीलधाऱ्या माणसाने ते पाजणे याला पर्याय नाही.

प्रथम तुमच्या नाकाची बाजू घेते. ते खोटे बोलत नाही; पण त्याचे शिक्षण गाई-म्हशीच्या दुधावर झाले आहे. ते दूध घरात आल्याबरोबर आपण उकळतो. उकळल्याने जिवाणू मरतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्याच वेळी दुधातील विकरे, म्हणजे ज्यांना एन्झाइम म्हणतात ती पाचक द्रव्येही निकामी होतात. त्यामुळे उकळलेल्या दुधाला पुढे जो वास येतो तो बहुधा जिवाणूंनी ते आंबवल्याचाच असतो. तेथे तुमचा निवाडा अचूक ठरतो. आईचे दूध मात्र आपण उकळत नाही. ते कच्चे, जिवंत दूध असते आणि त्यातील विकरे काम करत राहतात.

या विकरांपैकी लायपेज नावाचे एक येथे महत्त्वाचे. नवजात बाळाचे स्वादुपिंड अजून कच्चे असते; दुधातील स्निग्धांश पचवण्याइतका रस त्याला पुरेसा तयार करता येत नाही. निसर्गाने ही उणीव आईच्या दुधातच भरून काढली आहे. दुधाबरोबर स्निग्धांश पचवणारे लायपेजही बाळाच्या पोटात जाते. मात्र ते बाळाच्या पोटात पोहोचेपर्यंत हातावर हात ठेवून बसत नाही. डब्यात, फ्रिजमध्ये, अगदी बर्फ झालेल्या दुधातही ते हळूहळू स्निग्धांश तोडत राहते. थंडीने त्याचा वेग मंदावतो, पण ते थांबत नाही. स्निग्धांश तुटला की मेदाम्ले मोकळी होतात, आणि या मोकळ्या मेदाम्लांचा वास साबणासारखा येतो. त्यांतले लॉरिक आम्ल खोबरेल तेलातही भरपूर असते, आणि खोबरेल तेलापासून साबण बनतो, हे ध्यानात घेतले की नाकाला साबण का आठवतो ते कळते. दूध नासलेले नसते. जे पचन बाळाच्या पोटात व्हायचे, त्याचा थोडा भाग डब्यातच आधी उरकला गेला, इतकेच. काही मातांच्या दुधाला हा वास काही तासांतच येतो, काहींच्या दुधाला अनेक दिवस येत नाही. तो कोणाच्या अंगातला दोष नव्हे.

हे शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एक मावशी सुनेला आणि साडेतीन महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांना माझ्याकडून एवढेच हवे होते की मी पावडरच्या डब्याचे नाव लिहून द्यावे.

“का हो मावशी, दूध कमी पडतंय का?”

“दूध लई आहे, डॉक्टरबाई. पण नासतंय. डबा उघडला का साबणावानी वास मारतो. तिच्या अंगातच काहीतरी बिघाड असंल.”

“मग ते बाळाला पाजून पाहिलंत?”

“आता! वास मारणारं दूध लेकराला कसं पाजू?”

सून मान खाली घालून बसली होती. जेवणाच्या सुट्टीत सामानाच्या खोलीत दाराला पाठ लावून ती दूध काढत असे, बर्फाच्या पिशवीत ठेवून बसने घरी आणत असे, आणि दहा दिवस ते दूध तुळशीला जात होते. तिने हळूच सांगितले, “आता अंगावर पाजायलाही भीती वाटते, मॅडम.” माझ्या दृष्टीने खरा आजार हा होता. ज्या दुधात काहीच खोट नव्हती, त्याच्यावरचा त्या मुलीचा विश्वास उडत चालला होता. आणखी आठ दिवसांत तिने दूध काढणे सोडले असते. मग ते आटलेही असते, आणि घरात सर्वांनी म्हटले असते, पाहा, आम्ही म्हणतच होतो.

मी त्या दोघींना एक साधा प्रयोग करायला सांगितला. तुमच्या घरी अशी शंका आली तर तुम्हीही करा. ताजे दूध तीन-चार छोट्या वाट्यांत थोडे थोडे घ्यावे, झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन तासांनी, सहा तासांनी, बारा तासांनी, दुसऱ्या दिवशी एकेक वाटी काढून वास घ्यावा, थेंबभर जिभेवर ठेवून पाहावा. पहिल्याच वाटीला साबणाचा वास आला, तर आधी खरोखरच्या साबणाचा शोध घ्या. पंपाचे भाग आणि डबे धुताना साबण नीट निघालेला नसतो, असे पुष्कळदा घडते. कांद्याची उघडी वाटी शेजारी असेल तर झाकण घट्ट आहे का ते पाहा. स्निग्ध पदार्थ शेजारचा वास पटकन धरतो. वास तासागणिक चढत गेला, तर ते लायपेजचे काम.

त्यांच्या घरी रात्री निर्वास असलेल्या दुधाला सकाळी साबणाचा वास येत होता. आणि बाळ? “गटागटा प्यायला,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात किंचित निराशाही होती, हे मी नोंदवून ठेवते.

बहुतेक बाळांना या वासाचे काहीच वाटत नाही. ती आनंदाने पितात, त्यांचे वजन वाढते, आणि मग काहीही करावे लागत नाही. एखादे बाळ मात्र तोंड फिरवते. तशा वेळी आधी सोपे उपाय करावेत. आज काढलेले दूध वास येण्याआधीच पाजावे, साठा लांबवू नये. किंवा साठवलेल्या दुधात ताजे दूध मिसळून पाहावे. एवढ्याने भागले नाही तर दूध काढल्याबरोबर, साठवण्यापूर्वी, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर कडेने बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवावे. हे तापमान साधारण ८२ अंश सेल्सिअस असते. उकळी येऊ देऊ नये. लगेच उतरवून पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवावे आणि निवले की झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. यामुळे लायपेज थांबते. पण त्याबरोबर दुधातील रोगप्रतिकारक द्रव्यांपैकी काही भागही जातो. म्हणून हा उपाय नाइलाजाचा आहे, रोजच्या शिस्तीचा नाही. ज्या दुधाला वास आधीच आला आहे, ते तापवून वास जात नाही, हेही लक्षात असू द्या. मला आज्यांची एकच धास्ती वाटते. “तापवा” म्हटले की त्या सवयीने दूध उतू जाईपर्यंत उभ्या राहतात!

लोखंडासारखा किंवा माशासारखा वास येतो त्याचे कारण निराळे असते. तेथे दुधातील स्निग्धांशाचा प्राणवायूशी संयोग झालेला असतो. तांबे आणि लोह या धातूंच्या सहवासात ही क्रिया वेग घेते. म्हणून आईचे दूध तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात कदापि ठेवू नये, मग तांब्याचे पाणी तुम्हाला कितीही गुणकारी वाटत असो.

तांब्या-पितळेचा विषय निघालाच आहे, तर आपल्या महाराष्ट्रातली एक हकिकत सांगते. ती आईच्या दुधाची नाही, गाई-म्हशीच्या दुधाची आहे. पण दूध हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी अशी आहे. तुमच्यापैकी वयोवृद्धांना आठवत असेल, पूर्वी वर्ष-दोन वर्षांच्या मुलांना यकृत कठीण होऊन पोट फुगण्याचा एक आजार होत असे आणि त्यातली बहुतेक मुले दगावत. हिंदुस्थानातच प्रामुख्याने आढळणारा म्हणून वैद्यकात त्याचे नावच ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ असे पडले होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर या मुलांच्या आहाराचा माग काढला. या मुलांच्या यकृतात तांबे अतिशय साठलेले होते आणि त्यांना लहान वयातच पितळी व तांब्याच्या भांड्यांत तापवलेले, साठवलेले जनावराचे दूध मिळत होते. १९८३ साली त्यांनी हे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. भांडी बदलत गेली, स्टील आले, आणि तो आजार आज तरुण डॉक्टरांना पाहायलाही मिळत नाही. आता विचार करा, ते दूध पाजणाऱ्या आज्यांनी त्याचा वास घेतलाच नसेल का? रोज घेतला असणार. दूध ताजे होते, गोड होते, निर्वास होते.

नाकाची ही दुसरी बाजू मला पहिलीपेक्षा अधिक काळजीची वाटते. वास आलेले चांगले दूध फेकले तर नुकसान होते. वास न आलेले दूषित दूध पाजले तर बाळ आजारी पडते. जिवाणू दुधात पुरेसे वाढलेले असूनही वास येत नाही, असे होऊ शकते. शिवाय वयाबरोबर वास घेण्याची शक्ती मंदावते. साठीनंतर ती अनेकांची कमी होते आणि ती कमी झाल्याचे स्वतःला फार उशिरा कळते. वर्षानुवर्षे तपकीर ओढणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको.

दूध सांभाळणे हेच ज्यांचे काम आहे, ते काय करतात पाहा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती उभी केली. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या ज्या बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांना दुसऱ्या मातांनी दिलेले दूध तेथे मिळते. अशा पेढीत दूध देणाऱ्या मातेची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे ठेवून निर्जंतुक करतात, झटपट थंड करतात, त्याचा नमुना प्रयोगशाळेत जिवाणूंसाठी तपासतात आणि मगच ते गोठवून ठेवतात. वास घेऊन निर्णय करण्याची तेथे पद्धत नाही. आपल्या घरी प्रयोगशाळा नसते. तिची जागा घड्याळ आणि स्वच्छ हात यांनी घ्यायची असते. (जाता जाता: ही तपासणी घरी होत नाही, म्हणूनच शेजारच्या किंवा नात्यातल्या बाईचे दूध परस्पर आणून बाळाला पाजू नये.)

घड्याळाचा हिशेब अवघड नाही. ताजे काढलेले दूध खोलीत, म्हणजे २५ अंशांपर्यंतच्या गारव्यात, चार तास टिकते. फ्रिजमध्ये चार दिवस. वेगळ्या दाराच्या, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये सहा महिने. एवढे तीन आकडे पाठ असले की पुरे. पण ते आपल्या गावाला लावताना थोडी अक्कल वापरावी लागते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखालच्या स्वयंपाकघरात २५ अंश कोठून येणार? त्या दिवसांत मी दोन तासांपलीकडे दूध बाहेर ठेवू देत नाही. आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांतला फ्रिज एका दाराचा असतो. त्याच्या आतल्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी नसते. तेथे गोठवलेले दूध दोन आठवड्यांत संपवावे.

दिंडोरीच्या माणसाला थंडीची साखळी शिकवायला नको. द्राक्षे काढली की आधी प्रीकूलिंगला नेऊन त्यांची बागेतली ऊब उतरवतात, मग ती कोल्ड स्टोरेजला जातात, आणि मध्येच साखळी तुटली तर माल काय भावाने जातो हे प्रत्येक बागायतदार जाणतो. दुधाचेही तसेच आहे. नुकतेच काढलेले कोमट दूध आधीच्या थंड दुधात ओतू नये. वेगळे गार करून मगच एकत्र करावे आणि वय मात्र जुन्या दुधाचे धरावे. डबा फ्रिजच्या दारात नको, कारण दार सारखे उघडते. तो आत मागच्या बाजूला ठेवावा. एका डब्यात ६० ते ९० मिलिलिटर, म्हणजे बाळ एका वेळी पिईल तेवढेच. डबा झाकणाचा, स्टीलचा, काचेचा किंवा चांगल्या जाड प्लॅस्टिकचा असावा. शेतावरच्या औषधाची रिकामी बाटली कितीही वेळा धुतली तरी घरात कोणत्याच कामाला वापरू नये, हे येथे पुन्हा सांगते, कारण ती वापरलेली मी पाहिली आहे.

तारीख लिहून चिकटवा, असे सर्वच सांगतात. पण ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही, त्यांनी काय करावे? आमच्या गल्लीतल्या एका आजींनी केसांचे रंगीत रबर वापरले. सोमवारचा लाल, मंगळवारचा पिवळा, असे. फ्रिजच्या दारावर नातीने रंगांचा तक्ता चिकटवून दिला. आजींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांचा हिशेब मात्र कधी चुकला नाही.

गोठवलेले दूध आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावे आणि वितळल्यापासून २४ तासांत संपवावे. घाई असेल तर डबा कोमट पाण्यात धरावा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये. दूध कोठे थंड, कोठे चटका बसेल इतके गरम होते. दुधावर साय आल्यासारखा थर दिसेल, खालचे दूध निळसर पातळ दिसेल. ते स्वाभाविक आहे. डबा हलकेच फिरवला की एकजीव होते. फिरवूनही गाठी राहिल्या, किंवा दह्यासारखा आंबूस वास आला, तर मात्र तुमच्या नाकाचे ऐका आणि ते दूध टाका. दुधात किंवा डब्याच्या कडेला गुलाबी झाक दिसली तरी ते पाजू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

पाजायला वाटी-चमचा उत्तम. बोंडले चालते, पण त्याच्या चोचीत दूध वाळून राहते; ती आतून घासता येते का ते पाहा. बाटलीची मला हौस नाही. वाटीत थोडे थोडे ओता, कारण उष्टे उरलेले दूध दोन तासांत संपले नाही तर टाकावे लागते. अन्न टाकणे तुमच्या पिढीच्या जिवावर येते, हे मी जाणते. म्हणूनच आधीच कमी ओता.

वीज हा आपला नेहमीचा पाहुणा-उलट पाहुणा. ती गेली की फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज सुमारे चार तास गारवा धरतो. गोठवलेल्या दुधात बर्फाचे कण शिल्लक असतील तर ते पुन्हा गोठवता येते. पूर्ण वितळले पण थंडगार असेल तर खालच्या कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत वापरावे.

बाळंतिणीच्या खाण्यावरूनही घरोघरी वाद होतात. लसणाने दुधाला वास येतो का? येतो. अमेरिकेत मेनेला आणि बोशँप या दोघा संशोधकांनी १९९१ साली हे तपासले. लसूण घेतल्यावर साधारण दोन तासांनी आईच्या दुधाचा वास तीव्र झाला. आणि बाळांनी तोंड फिरवण्याऐवजी अधिक वेळ दूध ओढले. तेव्हा लसणाच्या चटणीवरून सुनेला बोलू नका. मेथीचे लाडू भरपूर खाल्ले तर आईच्या घामाला आणि बाळाच्या लघवीला गोडसर, पाकासारखा वास येऊ शकतो. त्याने घाबरू नका, पण डॉक्टरांकडे गेलात की लाडवांचे अवश्य सांगा, कारण तसाच वास असलेला एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे आणि डॉक्टरांची नाहक धावपळ होते.

हा सारा हिशेब पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाचा आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, नुकतेच काचेच्या पेटीतून घरी आले असेल किंवा आजारी असेल, तर साठवणीचे नियम अधिक कडक असतात. ते बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावेत आणि दूध तापवण्याचा उपाय त्यांना विचारल्याशिवाय करू नये.

दूध काढल्याने ते आटते, ही समजूत अजून आपल्याकडे आहे. उलट आहे. जितके काढावे तितके तयार होते. आठ-नऊ तास तसेच राहिले तर स्तन दगडासारखे होतात, ताप येतो आणि दूध खरोखर कमी होऊ लागते. नोकरीवरच्या मुलीला निदान बर्फाची पिशवी आणि घरी फ्रिज असतो. खरड छाटणीला, विरळणीला, काढणीला बागेत राबणाऱ्या, पेठ-सुरगाण्याकडून मुक्कामाला येणाऱ्या बायांकडे दोन्ही नसते. त्या दुपारी बांधावर बसून दूध मातीत पिळून टाकतात आणि मुक्कामावर बाळाला म्हातारी आजी साखरपाणी पाजत असते. अशा घरच्या आजी माझ्याकडे आल्या की मी त्यांना डब्या-फ्रिजचे काहीच सांगत नाही. जेवणाच्या सुट्टीत बाळाला बागेत घेऊन जा, एवढेच सांगते. सकाळी निघण्यापूर्वी एकदा अंगावर, दुपारी बागेत एकदा, संध्याकाळी परतल्याबरोबर एकदा. मधल्या वेळेसाठी आईने सकाळी स्वच्छ हाताने वाटीभर काढून झाकून ठेवावे, वाटी ओल्या फडक्यात, माठाजवळच्या गारव्यात ठेवावी आणि दोन तासांत पाजून टाकावी. बागायतदारांनी दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी त्या बाईसाठी पाऊण तास केली, तर त्यांच्या द्राक्षांचे काही बिघडणार नाही. दोघा-तिघांनी माझ्या सांगण्यावरून ती केलीही आहे.